पिवळ्या राखेचा शाळू

"तुमी नर्सबाई का मास्तरीणबाई?"

कुरुळीत पहिल्या आठवड्यात भेटलेल्या प्रत्येकानं मला हेच विचारलं. दोन्ही नाही म्हटलं की माणसं मला खालीवर न्याहाळायची. नोकरी करणारी बाई म्हणजे एकतर सुई टोचणार, नाहीतर पाटीवर अक्षरं गिरवून घेणार. तिसरा प्रकार त्यांनी पाहिला नव्हता. मी तो तिसरा प्रकार होते. ग्रामसेविका. शब्दही नवा होता आणि मीही. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, झाल्यावर वडिलांनी, ते साताऱ्याकडे प्राथमिक शाळेत मास्तर होते, लग्नाचं बघायच्या आत मला प्रशिक्षणाला पाठवलं. त्याबद्दल भावकीनं त्यांना बरंच ऐकवलं. प्रशिक्षण संपलं आणि नेमणूक आली खेड तालुक्यातल्या या गावी, पुणे-नाशिक रस्त्यालगत, इंद्रायणीच्या पलीकडे.

स्वातंत्र्याला फार वर्षं झाली नव्हती. त्याआधी शेतकी खात्याचा माणूस गावात यायचा तो पाहुण्यासारखा. चावडीत खुर्ची टाकली जायची, तो चार गोष्टी सांगायचा, चहा घ्यायचा आणि जायचा. आता तालुक्यांचे गट पडले होते. दर चार-पाच गावांमागे एक ग्रामसेवक, आणि त्यानं गावातच राहायचं. आम्हाला प्रशिक्षणात एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली होती: सांगत बसू नका, करून दाखवा. आमच्या गावांचे ग्रामसेवक माझ्याआधी दोन वर्षं येऊन राहिले होते. नगरकडचे, उंच, सावळे, सायकलवरून फिरणारे. ते शेतीचं बघणार आणि मी बायकांचं, अशी वाटणी होती. बायकांचं म्हणजे काय, तर बिनधुराची चूल, शिवणवर्ग, परसबाग आणि लहान मुलांची बालवाडी.

शिवणवर्गाचे तुकडे आणायला मी पिंपरीला जायची. तिथं निर्वासितांच्या कॅम्पात सिंधी दुकानदार तागे फाडून उरलेले तुकडे स्वस्तात देत. गाठोडं घेऊन एसटीत बसायचं आणि कुरुळीला उतरायचं. तुकडे छान असत, पण शिवायला येणार कोण? दुपारी देवळाच्या ओवरीत मी मशीन घेऊन बसायची. समोर शेरडं बसलेली असायची आणि मधूनच कोणी पोर डोकावून पळून जायचं.

मला आत घेणारं पहिलं घर मावशींचं.

गाव त्यांना थोरल्या वैनी म्हणे. चाळिशीच्या असतील. नवरा तापानं गेला तेव्हा पदरात दोन मुली होत्या. थोरली चिखलीला दिली होती, धाकटी घरी होती. दीर शेजारच्याच घरात वेगळा राहायचा, पण बैल आणि औतं सामाईक होती. मावशींच्या वाट्याला नदीच्या अंगाची काळी जमीन आलेली. तिथं रब्बीचा शाळू चांगला यायचा. पेरणी-कापणीची वेळ त्या ठरवायच्या, नांगर दीर धरायचा. त्यांचा आवाज मोठा होता आणि हसणं त्याहून मोठं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दारात अडवलं.

"काय शिकवती तू?"

"चूल. धूर न होणारी."

"धूर न्हाई तर मग जाळ कसला? ये, दाव."

मी पूर्ण दोन दिवस खपून चूल बांधली. कुंभाराकडून नळकांडं आणलं, भिंतीला भोक पाडलं. पहिला जाळ घातला आणि सगळा धूर नळकांड्यातून वर जायचा सोडून माझ्याच तोंडावर आला. मी खोकत बाहेर आले, डोळे लाल. मला वाटलं, संपलं. मावशी उंबऱ्यावर बसून पोट धरून हसत होत्या. हसणं ओसरल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "नळी वाकडी बसली का बघ. उद्या परत करू." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी ती उचकटली आणि पुन्हा बांधली. या वेळी धूर बाहेर गेला. त्या दिवसापासून मी त्यांना मावशी म्हणायला लागले आणि त्यांच्याच ओसरीवर माझा शिवणवर्ग भरायला लागला.

त्या चुलीवरची पहिली भाकरी त्यांनी मला वाढली. भाकरी काळपट होती. मी तुकडा उलटसुलट करून बघितला, तेवढ्यात त्यांनी ओळखलं.

"काणीची हाय. औंदा लई काणी पडली."

काणी म्हणजे ज्वारीचा रोग. कणसं लांबून भरल्यासारखी दिसतात, पण दाण्याच्या जागी करडी बोंडं असतात. फोडली की आतून काजळीसारखी भुकटी उडते. पोरं ती भुकटी ओठावर चोळून मिशा काढायची आणि मोठ्यांचा मार खायची. मळणीत ती भुकटी चांगल्या दाण्यालाही लागते आणि भाकरी काळी होते. काणी का पडते याची गावात उत्तरं बरीच होती. कोणी म्हणे दृष्ट लागली, कोणी म्हणे ढगाळ हवेनं, कोणी म्हणे शिवेवरच्या देवाचं राहिलं. मला प्रशिक्षणातली एक दुपार आठवली. एका गुरुजींनी सांगितलं होतं की काणी बियाबरोबर येते. ती भुकटी बियाला चिकटून रानात जाते. पेरणीआधी बियाला गंधकाची बारीक पूड चोळली तर काणी पडत नाही. आम्हा मुलींना ते जाता जाता सांगितलं होतं. आमच्या कामात ते येणार नव्हतं ना.

मी ग्रामसेवकांना विचारलं. ते कडवट हसले.

"गंधकाच्या पुड्या माझ्या खोलीत पडून आहेत, बाई. दोन वर्षं चावडीत सांगतोय. सगळे मान हलवतात आणि घरी जातात. बी कुठे असतं? घरात. आणि परक्या पुरुषाला घरात कोण घेणार?"

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. मावशींच्या घरी बी कसं ठेवतात ते मी पाहिलं होतं. कापणीच्या वेळी त्या स्वतः रानात फिरून दाणेदार कणसं निवडायच्या, ती वेगळी बडवायच्या, वाळवायच्या, त्यात चुलीतली राख कालवायच्या आणि मडक्यात भरून तोंड लिंपून ठेवायच्या. त्या मडक्याला घरातला पुरुष हात लावत नसे. पेरणीच्या वेळी बाईनं ते उघडायचं, अशीच रीत.

मी मावशींना म्हटलं, "तुम्ही बियाला राख लावता ना? किडीसाठी?"

"व्हय. आमच्या सासूपास्नं."

"तशीच ही एक राख आहे. पिवळी. काणीसाठी."

मी पुडी उघडली. त्यांनी चिमूट घेऊन हुंगली आणि नाक मुरडलं. "अगं, हा तर गंधक. खरजेला लावत्यात तो." मग जरा विचार करून म्हणाल्या, "अंगाच्या खरजेला चालतो, मग बियाच्या खरजेला चालंल की."

मी प्रशिक्षणात शिकलेलं सगळं सांगण्याच्या तयारीत होते. त्यांनी एका वाक्यात ते उरकलं. पण त्या भोळ्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी अट घातली: अर्ध्या रानात पिवळं बी, अर्ध्यात नेहमीचं. "एकाच रानात, एकाच दिशी. मग बघू कोण खरं."

मधल्या काळात आमचे वरिष्ठ, विस्तार अधिकारी, यांचा दौरा झाला. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, शेती ग्रामसेवकांकडे आहे. तुमचं काम घरातलं."

"साहेब, बी घरातच असतं," मी म्हटलं. ग्रामसेवक मध्ये पडले. ते म्हणाले, गंधक माझ्या खात्याचा, बी या बाईंच्या खात्यातलं. आम्ही दोघं मिळून करतो. साहेब म्हणाले, "करा. पण नीट करा." ते मनानं वाईट नव्हते. नव्या कामात कोणाची हद्द कुठे संपते हे त्यांनाही कुठे ठाऊक होतं!

हस्ताचा पाऊस झाला. जमीन दोन-तीन दिवस सुकली आणि वापसा आला. पेरायला हवी तेवढी ओल म्हणजे वापसा. ती जास्त दिवस टिकत नाही. पेरणीच्या आदल्या दिवशी आम्ही अंगणात बसलो. निम्मं बी एका डेऱ्यात ओतलं, वर पूड टाकली, तोंडाला फडकं बांधलं आणि मावशींनी डेरा मांडीवर घेऊन लेकराला झुलवतात तसा हलवला. शेजारच्या बायका भिंतीवरून बघत होत्या. बी बाहेर काढलं तेव्हा हळदीनं न्हायल्यासारखं दिसत होतं.

सकाळी रानात पाभर आली. पाभर म्हणजे पेरायचं औत. एक जण बैल हाकतो आणि एक जण वरच्या लाकडी वाडग्यातून, म्हणजे चाड्यातून, मुठीनं बी सोडतो. चाड्यावरची मूठ हे सगळ्यात कसबाचं काम. मूठ सारखी सुटली नाही तर कुठे दाट, कुठे विरळ. त्या घरात चाड्यावर धाकटी जाऊ असायची. मावशी नवरा होता तोवर स्वतः पेरायच्या आणि त्यांच्यासारखी सरळ ओळ पंचक्रोशीत कोणाची नव्हती, असं गावातल्या म्हाताऱ्याही सांगत. पण विधवेनं पेरताना बियाला हात लावायचा नाही. त्या वर्षापासून त्या बांधावर बसून बघायच्या.

नेहमीच्या बियाचं अर्धं रान दुपारच्या आत पेरून झालं. मग पिवळं बी आणलं. जावेनं चाड्यात हात घातला, वास आला, आणि तिनं हात झटकन बाहेर काढला.

"मी न्हाई धरणार. माझ्या अंगावर पोर पितंय."

मी तिला समजावायला गेले. मावशींनी मला मागे ओढलं. "तिला काई बोलू नगस. आईचा जीव हाय." आणि जावेला म्हणाल्या, "जा तू. पोराला घे."

ती गेली. पाभर उभी. बैल उभे. ऊन चढत होतं. दीर म्हणाला, "मग ऱ्हाऊ द्या. साधं बी टाकू." मी म्हटलं, मी धरते. धरलंही. पहिल्या चार पावलांतच निम्मी मूठ मातीवर सांडली आणि बैल हाकणाऱ्या दिराला हसू आवरेना.

मावशी बांधावरून उठल्या. पदर खोचला, चालत आल्या आणि चाड्याशी उभ्या राहिल्या.

दिराचं हसू गेलं. "वैनी, काय करता?"

"पेरती."

"वैनी, लोक काय म्हणतील?"

"वापसा काय लोकांसाठी थांबतोय व्हय? हाक बैल."

तो हलेना. आजूबाजूच्या रानांतली माणसं काम टाकून उभी राहिली होती. सगळे बघत होते. मला वाटलं मी काहीतरी बोलायला हवं, पण बोलण्याचा मला अधिकार नव्हता. ती त्या दोघांची गोष्ट होती. शेवटी दिरानं मान खाली घातली आणि बैलांना हाक दिली.

मावशींची मूठ मी तेव्हा पाहिली. बोटांतून बी पाण्याच्या धारेसारखं सुटत होतं, कुठे तुटत नव्हतं. कित्येक वर्षं तो हात रिकामा होता, पण विसरला नव्हता. रानाच्या टोकाला पाभर वळली तेव्हा त्यांचं तोंड मला दिसलं. त्या हसतही नव्हत्या आणि रडतही नव्हत्या. फक्त बियाकडे बघत होत्या. हात मनगटापर्यंत पिवळे झाले होते.

संध्याकाळी ग्रामसेवकांना सांगितलं तर ते सायकल भिंतीला टेकवून तिथेच खाली बसले. "फार मोठं केलं त्यांनी," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण आपला प्रयोग गेला, बाई. आता पीक चांगलं येवो की वाईट, लोक गंधकाकडे बघणार नाहीत. हाताकडे बघतील."

त्यांचं खरं होतं. माझी तर झोपच उडाली. मी प्रयोग करायला गेले होते आणि त्या बाईंची अब्रू पणाला लागली होती. उगवण दोन्हीकडे सारखीच झाली. पण पिवळ्या बाजूला एका खोलगट जागी पाणी साचलं होतं, तिथली रोपं फिकट पडली. ती जागा बघायला माणसं मुद्दाम वाट वाकडी करून जायची. पाणवठ्यावर बोलणी चालायची. ओसरीवरच्या शिवणवर्गाला आठ-दहा बायका येत होत्या, त्या दोन-तीनवर आल्या. मावशींना हे सगळं कळत होतं. एकदा मी न राहवून म्हटलं, "मावशी, माझ्यामुळे तुम्हाला..."

"तुझ्यामुळं?" त्या खरंच रागावल्या. "मी काय तुझ्या सांगण्यावरनं चाड्याला हात घातला? रान माझं, बी माझं. तू तुझ्या गंधकाचं बघ."

त्या दर दोन दिवसांनी रानात जायच्या. फिकट जागेतून पाण्याला वाट करून दिली, तण काढलं. दोन्ही अर्ध्यांना सारखंच जपायच्या. मी बघितलं आहे. एखादीनं आपल्या बाजूला चार पाट्या खत जास्त टाकलं असतं. थंडी पडली, शाळू डोक्याएवढा झाला, पोटऱ्या फुटल्या आणि कणसं बाहेर आली.

काणी पहिल्यांदा दिसली ती नेहमीच्या अर्ध्यात. आधी एखादं कणीस, मग ओळीत दोन-तीन, मग नजर टाकावी तिथे करडी बोंडं. मी पिवळ्या अर्ध्यात शिरले आणि ओळीमागून ओळ बघत गेले. पानं अंगाला लागून खाज सुटली. कणसं पांढरीशुभ्र, घट्ट. एकदोन ठिकाणी काणी होती, नाही असं नाही, पण ती शोधावी लागत होती. बाहेर आले तेव्हा बांधावर मावशी बसल्या होत्या.

"काय?"

मी हसून मान डोलावली. त्यांनी मला जवळ ओढलं आणि माझ्या केसांतला पाचोळा काढत बसल्या.

आजूबाजूच्या सगळ्या रानांत त्या वर्षी काणी होती. आणि मग भोगी आली. संक्रांतीच्या सुगडात घालायला बायकांना हुरड्याची कणसं लागतात. ऊस, बोरं, गाजर आणि ज्वारीचं कोवळं कणीस. काणीचं कणीस सुगडात कसं घालणार? भोगीच्या सकाळी मी मावशींच्या रानात होते. धाकटी मुलगी आणि मी हरभऱ्याची भाजी खुडत होतो. वाटेवरून तीन-चार सवाष्णी आल्या आणि बांधाशी थांबल्या. पुढे कोणी होईना. शेवटी त्यांतली एक, दिराचीच बायको, कडेवर तेच पोर, ती पुढे आली.

"जाऊबाई," ती म्हणाली, "सुगडाला कणसं पायजेल हुती."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. हे रान कोणाच्या हातानं पेरलंय हे त्या सगळ्यांना माहीत होतं आणि मावशींना तर होतंच. सवाष्णीच्या वाणात विधवेच्या हाताचं धान्य. मला वाटलं त्या काहीतरी टोला देतील. तशी त्यांची जीभ तिखट होती. त्या म्हणाल्या, "घ्या की. तिकडच्या ओळीतली घ्या, कवळी हायती." आणि स्वतःच आत शिरून निवडून निवडून कणसं तोडायला लागल्या. दुपारपर्यंत बायका येतच राहिल्या. संक्रांतीला गावातल्या जवळजवळ प्रत्येक सुगडात मावशींच्या रानातलं कणीस गेलं. त्या स्वतः कुठे हळदीकुंकवाला गेल्या नाहीत. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. इतकं काही बदललं नव्हतं.

ग्रामसेवक म्हणाले होते तेच झालं. गावानं गंधकाचं नाव घेतलं नाही. "वैनींच्या हाताला यश हाय," असं सगळीकडे झालं. पुढच्या पेरणीच्या आधी बायका बियाची मडकी घेऊन मावशींच्या अंगणात यायला लागल्या. वैनी, तुमच्या हातानं हलवा.

दुसरं कोणी असतं तर या मोठेपणानं सुखावलं असतं. आयुष्याची इतकी वर्षं जो हात अशुभ म्हणून बाजूला ठेवला, त्याच हातापुढे आता गाव वाकत होतं. मावशी मात्र मडकं परत त्या बाईच्या मांडीवर ठेवायच्या.

"हाताचं काय न्हाई त्यात. राखंचं हाय. तूच हलव. मी मेल्यावर काय माझा हात तोडून ठिवणार हायेस?"

बायका हसायच्या आणि हलवायच्या. माझं काम एवढंच की पूड किती घ्यायची ते दाखवायचं. ग्रामसेवक दारात सायकल लावून पुड्या देऊन जायचे. आत येत नसत, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला आठवतो. त्यांच्या खोलीतल्या पुड्या संपल्या आणि खेडहून आणखी मागवाव्या लागल्या. दीरही आपलं मडकं घेऊन आला. ते खाली ठेवून म्हणाला, "यालाबी लावा." त्याच्या बायकोनं स्वतः डेरा हलवला आणि त्या वर्षी पिवळं बी तिनंच चाड्यात धरलं. मावशींनी आपल्या रानात आपण धरलं. दिराच्या रानात त्यांना कोणी बोलावलं नाही आणि त्या गेल्याही नाहीत.

त्या वर्षी खेडला शेतकरी मेळावा भरला. विस्तार अधिकारी स्वतः कुरुळीला आले, मावशींच्या ओसरीवर बसले आणि म्हणाले, "तुम्ही बोलायचं." आणि मला म्हणाले, "बाई, बी घरात असतं हे मी आता सगळ्या गटाला सांगतो." मोठ्या माणसानं आपलं मत असं उघडपणे बदललेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांच्याबद्दल मला तेव्हापासून आदर वाटत आला.

मेळाव्यात मांडवभर पुरुष होते. बायका आम्ही मूठभर. मावशींना व्यासपीठावर नेलं, समोर तो लांब दांड्याचा माइक. त्यांनी त्याच्याकडे संशयानं बघितलं आणि दोन पावलं मागे सरून आपल्या नेहमीच्या आवाजात बोलल्या. माइकची गरज नव्हतीच.

"आमी कुरुळीच्या. आमच्याकडं काणी पडायची, आता न्हाई पडत. लोक म्हंत्यात माझ्या हातानं. हातानं काय न्हाई. गंधक लावा, तुमच्याबी रानात न्हाई पडायची. आन एक. बी बाया ठिवत्यात. तवा हे जे काय सांगायचं ते चावडीत बसून गड्यांनाच सांगू नगा. आमालाबी सांगा. झालं."

आणि खाली उतरल्या. टाळ्या वाजायला जरा वेळ लागला, कारण भाषण संपलंय हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. वाजल्या तेव्हा मात्र खूप वाजल्या.

पुढे मी याच कामात बरीच वर्षं काढली. वेगवेगळे तालुके, वेगवेगळी पिकं. विस्ताराच्या कामाचा इतिहास सांगताना लोक योजना सांगतात, गट सांगतात, अधिकारी सांगतात. ते सगळं होतं आणि त्यात जीव ओतणारी आमच्या ग्रामसेवकांसारखी माणसंही होती. पण प्रत्येक गावात एक कोणीतरी असतं जे पहिल्यांदा म्हणतं, माझं रान घ्या, माझ्यावर करून बघा. चुकलं तर आम्ही बदली होऊन जातो. ते माणूस तिथेच राहतं, त्याच पाणवठ्यावर, त्याच भावकीत. असं माणूस मिळालं नाही तर गोदामातल्या पुड्या गोदामातच राहतात. नंतर कुठल्याही नव्या गावात गेले की मी आधी ते माणूस शोधायची. बहुतेक वेळा ते मिळालं. मावशींसारखं मात्र दुसरं भेटलं नाही.

मेळाव्याहून आम्ही एसटीनं परत येत होतो. मावशी खिडकीशी बसल्या होत्या. मला वाटलं भाषणानं दमल्या असतील. चाकण मागे पडलं तशा एकदम माझ्याकडे वळल्या.

"मेळाव्यात त्या पिंजऱ्यात पांढरा कोंबडा हुता बघ, लाल तुऱ्याचा. विलायती. त्याच्या वाणाच्या कोंबड्या रोज अंडं देत्यात म्हंत्यात, खरं हाय?"

"रोज नाही, पण आपल्या कोंबड्यांपेक्षा पुष्कळ देतात."

"आन मरत न्हाईत?"

"मरतात. रोग लवकर होतो त्यांना. टोचून घ्यावं लागतं."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाल्या, "टोचायला तुला येतं?"

"नाही. शिकावं लागेल."

"मग शीक," मावशी म्हणाल्या, आणि कुरुळी येईपर्यंत खुराडं कुठे घालायचं, मुंगसाला कसं अडवायचं आणि पहिलं अंडं कोणाला द्यायचं, यावर बोलत राहिल्या.